६० लाख हा आकडा कुठल्या कागदावर लिहिलाय? होलोकॉस्टची दप्तरं, सोप्या भाषेत

होलोकॉस्टचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिटलरच्या नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या कत्तलीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो, ६० लाख ज्यू मारले गेले हा आकडा नक्की कुणी मोजला, कुठे लिहिलाय तो? काही जण मुद्दाम वाकड्यात शिरायला विचारतात, त्यांचं सोडा, पण बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं आणि त्यांना कुणी नीट सांगतही नाही, "सगळ्या जगाला माहितीये" म्हणून गप्प बसवलं जातं. मला हा प्रश्न रास्त वाटतो आणि त्याचं उत्तरही आहे.

तो आकडा लिहिलेला असा एकच एक कागद कुठेही नाही. युद्धाआधीच्या जनगणना, रेल्वेने पाठवलेल्या माणसांच्या याद्या, गोळ्या घालणाऱ्या पथकांचे रिपोर्ट, घेट्टोंमधल्या (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांमधल्या) नोंदी, युद्ध संपल्यावर कुठे किती लोक उरले त्याची मोजदाद, हे सगळं देशवार जोडत जोडत इतिहासकार तिथवर पोचलेत. कुणाचा हिशोब ५१ लाखांपाशी थांबतो, कुणाचा ६० लाखांच्या थोडा वर जातो, पण वेगवेगळ्या वाटांनी जाऊन सगळे त्याच पट्ट्यात येतात, आणि म्हणूनच तो भरवशाचा आहे.

आता हे कागद आहेत कुठे, तर जेरुसलेम, वॉर्सा, बर्लिन, लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को, आणि जर्मनीतलं बाड आरोल्सन नावाचं एक छोटं गाव, असे पार विखुरलेले. पण कुठे आहेत यापेक्षा कुणी केले हे आधी बघायला हवं असं मला वाटतं. मारणाऱ्यांनी भरपूर लिहिलं कारण त्यांच्यासाठी ते ऑफिसचं काम होतं, ज्यांना मारलं जात होतं त्यांनी जीव धोक्यात घालून चोरून लिहिलं, आणि वाचवणाऱ्यांनी बहुतेक वेळा लिहिलंच नाही कारण कागद सापडला तर लपवलेला आणि लपवणारा दोघंही गेले. छळाचे पुरावे ढीगभर आणि सुटकेचे मूठभर असं जे दिसतं त्याचं मुख्य कारण हे आहे. माणुसकी तेवढीच होती असा त्याचा अर्थ काढायची घाई करू नये.

मारणाऱ्यांच्या कागदांपासून सुरुवात करू. १७ मे १९३९ ला जर्मनीत जनगणना झाली, त्यात नेहमीच्या फॉर्मबरोबर एक जादा कार्ड होतं आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाच्या चारही आजीआजोबांबद्दल विचारलं होतं, ज्यू होते का नव्हते. त्याच वर्षी १ जानेवारीपासून, ज्यांची नावं सरकारी यादीतली 'ज्यू' नावं नव्हती अशा ज्यू पुरुषांना 'इस्राएल' आणि बायकांना 'सारा' हे जादा नाव लावणं सक्तीचं झालं होतं, त्याच्या आदल्या ऑक्टोबरपासून पासपोर्टवर लाल 'जे' चा शिक्का बसायला लागला होता. म्हणजे अजून एकही मृत्यूछावणी उभी नव्हती तेव्हा कागदावर माणूस वेगळा काढून झाला होता. ही कार्डं, हे पासपोर्ट आज संग्रहात आहेत, आणि आपल्या पणजोबांचा शेवटचा पत्ता शोधणारे कित्येक लोक याच कार्डांपर्यंत येऊन पोचतात, कारण दुसरी नोंदच उरलेली नसते.

मग २० जानेवारी १९४२ ची वानझेची बैठक, बर्लिनजवळच्या एका बंगल्यात, युरोपातल्या ज्यूंना संपवायचं काम कसं करायचं यावर नाझी अधिकाऱ्यांची. तिचं १५ पानी इतिवृत्त आहे, त्यात युरोपातल्या देशांचा तक्ता आणि प्रत्येकापुढे ज्यूंची संख्या, बेरीज १ कोटी १० लाखांच्या वर. जे देश जर्मनीने जिंकलेलेही नव्हते तेही त्यात, इंग्लंडपुढे ३,३०,००० लिहिलंय. प्रती ३० काढल्या होत्या, वाचली फक्त १६ नंबरची, ती १९४७ मध्ये जर्मन परराष्ट्र खात्याच्या फायलींत अमेरिकन वकिलांच्या टीमला सापडली. बाकी २९ जणांनी आपापली प्रत वेळेत नष्ट केली असणार. एवढ्या मोठ्या गोष्टीचा पुरावा एका ऑफिसातली एक फाईल जाळायची राहून गेली म्हणून आपल्यापर्यंत आला.

आता एक कागद जरा जवळून बघू, कारण संग्रहात बसून माणसं नक्की काय करतात ते यातून कळतं. ११ जानेवारी १९४३ ला लुब्लिनहून हेर्मान ह्योफ्ले नावाच्या एसएस (छावण्या चालवणारी नाझी संघटना) अधिकाऱ्याने बिनतारी यंत्रावरून एक गुप्त संदेश पाठवला. ब्रिटिशांनी तो पकडला, त्याचं कोडही फोडलं, पण त्यात नुसती अक्षरं आणि आकडे होते, अर्थ कुणाच्या लक्षात आला नाही आणि तो हजारो संदेशांच्या गठ्ठ्यात जाऊन पडला. तिथे तो २००० सालापर्यंत पडून होता, लंडनजवळ क्यू इथल्या सरकारी अभिलेखागारात. मग दोन अभ्यासकांच्या नजरेला पडला. संदेशात चार अक्षरं आहेत, एल, बी, एस, टी. म्हणजे लुब्लिन (तिथली मायदानेक छावणी), आणि बेल्झेत्स, सोबिबोर, ट्रेब्लिंका या पोलंडमधल्या मृत्यूछावण्या. आधी शेवटच्या १४ दिवसांत किती 'आले' ते आकडे, तिथे बी पुढे चक्क शून्य आहे, कारण बेल्झेत्समध्ये मारायचं काम डिसेंबर १९४२ मध्ये थांबलं होतं. मग १९४२ अखेरपर्यंतचे एकूण आकडे, एल २४,७३३, बी ४,३४,५०८, एस १,०१,३७०, टी ७१,३५५, आणि खाली बेरीज १२,७४,१६६.

पेन घेऊन बेरीज करून बघा, जुळत नाही. ट्रेब्लिंकाचा आकडा फार लहान आहे. पण बेरीज बरोबर धरून बाकीचे तीन वजा केले तर टी साठी ७,१३,५५५ उरतात, म्हणजे ७१३५५ लिहिताना शेवटचा एक ५ गळालाय. एका गळालेल्या आकड्यामागे सहा लाखांहून जास्त माणसं. ट्रेब्लिंका १९४३ मध्येच पाडून टाकलं, जमीन नांगरली, वर शेत आणि घर उभं केलं, आत उतरलेल्यांच्या नावांची यादी कधी केलीच नव्हती, अशा ठिकाणची १९४२ अखेरपर्यंतची संख्या मारणाऱ्यांच्याच हिशोबातून, एका साध्या वजाबाकीने बाहेर आली. इतिहासकार आधीपासून वेगळ्या मार्गाने जो अंदाज बांधत होते त्याच्याशी हा मेळ खातो, आणि म्हणून या कागदाचं महत्त्व एवढं मोठं.

पण या कागदांवर किती विसंबायचं? यात माणूसच नाही. 'पाठवणी', 'स्थलांतर', 'विशेष कारवाई' असले गुळमुळीत शब्द आणि पुढे आकडा. त्या गाडीत कोण होतं, काय बोलत होते, मुलांनी काय मागितलं, काही नाही. नुसत्या याच कागदांवरून इतिहास लिहिला असता तर या लोकांबद्दल आपल्याला फक्त त्यांच्या मारेकऱ्यांनी ठेवलेली नोंद वाचायला मिळाली असती. हे वॉर्सामधल्या एका माणसाला तेव्हाच कळलं होतं, आणि मला या सगळ्या विषयातला सर्वात मोठा माणूस तोच वाटतो.

इमॅन्युएल रिंगेलब्लूम, व्यवसायाने इतिहासकार, वय चाळीस. नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्साचा घेट्टो भिंतीने बंद झाला आणि त्यानंतर आठवडाभरातच, २२ नोव्हेंबरला, त्याने काही मित्रांना जमवून एक गुप्त गट उभा केला. भेटायचे शनिवारी, ज्यूंच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणून नाव ठेवलं 'ओनेग शाब्बात', शब्बाथचा आनंद, कुणी ऐकलं तरी संशय नको. तीन-साडेतीन चौरस किलोमीटरच्या जागेत साडेचार लाखांच्या आसपास माणसं कोंबलेली, अधिकृत रेशन दिवसाला २०० कॅलरींच्याही आत, भूक आणि टायफसने १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत ८० हजारांहून जास्त लोक तिथेच गेले, आणि त्या परिस्थितीत हे साठेक लोक प्रश्नावल्या तयार करत होते. रस्त्यावर काय विकतात, स्मगलिंग कसं चालतं, बायकांवर काय वेळ आलीये, मुलं युद्धाबद्दल काय लिहितात, पोलंडच्या इतर गावांतून हाकलून आलेल्यांच्या गावात काय झालं, प्रत्येक विषय वेगवेगळ्या माणसांकडून लिहून घ्यायचा म्हणजे एकाचं दुसऱ्याशी पडताळता येईल. लेखक, शिक्षक, अर्थतज्ज्ञ, रब्बी, अगदी पोरंसुद्धा लिहीत होती. राखेल आउअरबाख नावाची लेखिका सार्वजनिक स्वयंपाकघर चालवायची, सूप वाटता वाटता तिथे येणारी माणसं कशी खंगत जातात ते तिने लिहून ठेवलं.

आणि नुसतं लेखन नाही, वस्तूही. रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटची वेष्टनं, भिंतीवरची फर्मानं, शाळेतले निबंध, गुप्त वर्तमानपत्रं, नाटकाची आमंत्रणं. रिंगेलब्लूमचा आग्रह होता की संत-हुतात्म्यांच्या गोष्टी नकोत, जे आहे ते लिहा, आपल्यातल्याच ज्यू पोलिसांची लाचखोरी लिहा, श्रीमंतांची मस्ती लिहा, सगळं. असं करायला केवढी छाती लागते याचा विचार करा, उद्या आपण नसू हे दिसत असताना आपल्याच समाजाची बदनामी होईल असंही खरं लिहायचं.

१९४२ च्या सुरुवातीला खेल्म्नोच्या मृत्यूछावणीतून एक माणूस पळून वॉर्सात आला, तिथे त्याच्याकडून प्रेतं पुरायचं काम करून घेत होते. गाड्यांमध्ये माणसं भरून धुराने मारतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. गटाचा सेक्रेटरी हेर्श वासर आणि त्याची बायको ब्लुमा यांनी त्याची साक्ष लिहून घेतली आणि मग हा संग्रह नुसता संग्रह राहिला नाही, त्यांनी रिपोर्ट करून पोलिश भूमिगतांमार्फत लंडनला पोचवला. त्या जूनमध्ये बीबीसीवर पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलींबद्दल सांगितलं गेलं तेव्हा रिंगेलब्लूमने डायरीत समाधानाने लिहिलं की आमचं काम झालं, जगाला कळलं. जग त्यावर काय करणार होतं हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. साक्ष देणाऱ्या त्या माणसाला गटाने वॉर्साबाहेर सुरक्षित म्हणून दुसऱ्या गावी पाठवलं होतं, तिथून तो पुढे बेल्झेत्सला नेला गेला.

२२ जुलै १९४२ ला वॉर्सातून ट्रेब्लिंकाच्या गाड्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त लोक गेले. ३ ऑगस्टला, म्हणजे बाहेर धरपकड चालू असताना, शिक्षक इस्राएल लिख्टेन्स्टाइन आणि त्याचे दोन माजी विद्यार्थी, दावीद ग्राबर आणि नाहुम ग्झिवाच, दोघंही विशीच्या आतले, यांनी नोवोलिप्की ६८ या शाळेच्या तळघरात पत्र्याच्या १० पेट्या पुरल्या. बंद करायच्या आधी तिघांनी आपापलं मृत्युपत्र लिहून आत टाकलं. लिख्टेन्स्टाइनने आभार, स्मारक, कौतुक काही मागितलं नाही, आपली, चित्रकार बायको गेला हिची आणि २० महिन्यांची मुलगी मार्गालित हिची आठवण राहावी एवढंच. गेलाची चित्रं त्या पेट्यांत होती, ती आज वॉर्सात आहेत, मुलांची चेहऱ्याची पोर्ट्रेटं आहेत त्यात. ग्राबर १९ वर्षांचा होता, त्याने लिहिलंय की जे आम्हाला जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरतोय. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुढचा भाग त्याच तळघरात गेला, या वेळी ॲल्युमिनियमच्या दुधाच्या दोन बरण्यांतून.

साठेक लोकांमधले युद्धानंतर उरले तिघं, वासर नवरा-बायको आणि राखेल आउअरबाख. आउअरबाखने १९४६ मध्ये सगळ्यांच्या मागे लागून लागून शोध घ्यायला लावला, नाहीतर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि जागा माहीत असलेला वासर होता म्हणून ते शक्य झालं. पण जागा म्हणजे काय, घेट्टो जर्मनांनी उद्ध्वस्त केला होता, रस्ते उरले नव्हते, मैलभर विटांचा ढिगारा आणि मध्ये एक चर्च उभं. १८ सप्टेंबर १९४६ ला १० पेट्या सापडल्या. पेट्यांची तोंडं नीट सील केलेली नव्हती, आत पाणी शिरलं होतं, कागदांचा लगदा, पिनांना गंज, शाई उतरलेली, पानं एकमेकांना चिकटलेली, ती वेगळी करायला वर्षं गेली. दुधाच्या बरण्या १ डिसेंबर १९५० ला बांधकाम मजुरांना लागल्या, त्यांची झाकणं घट्ट होती म्हणून आतलं बरंचसं कोरडं. तिसरा भाग एप्रिल १९४३ मध्ये दुसऱ्या एका पत्त्यावर पुरला असं मानतात, तो मिळालेला नाही. जे मिळालं ते साधारण ३५ हजार पानं आहे, वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत ठेवलंय, १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत गेलं आणि पोलिशमध्ये तीसहून जास्त खंडांत छापून झालंय.

रिंगेलब्लूमचं काय झालं? त्याला भूमिगतांनी बाहेर काढलं, वॉर्साच्या ग्रोयेत्स्का रस्त्यावर एका पोलिश माळ्याच्या ग्रीनहाऊसखाली बंकर खोदला होता, तिथे तो, बायको, मुलगा आणि आणखी तीसेक लोक राहिले, तिथेही तो लिहीतच होता. मार्च १९४४ मध्ये बंकर पकडला गेला. आत लपलेले सगळे आणि त्यांना लपवणारा मिएचिस्लाव वोल्स्की, त्याच्या भाच्यासकट, गोळ्या घालून मारले.

आणि इथून सुटकेच्या कागदांकडे वळू, कारण वोल्स्कीचं नाव आपल्याला माहीत आहे ते तो बंकर प्रसिद्ध माणसाचा होता म्हणून. ज्या घरी लपलेले आणि लपवणारे दोघंही मारले गेले आणि लपलेला कुणी प्रसिद्ध नव्हता, त्या घराची फाईल कुठून तयार होणार? जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था १९५३ मध्ये कायद्याने स्थापन झाली, ती ज्यू नसलेल्या वाचवणाऱ्यांना 'राष्ट्रांमधले सज्जन' असा सन्मान देते, १९६३ पासून त्यासाठी एक कमिशन बसतं. अट अशी की जीव धोक्यात घातला असला पाहिजे, बदल्यात पैसे मागितलेले नसावेत, आणि शक्यतो वाचलेल्या माणसाची साक्ष हवी. आजवर २८ हजारांहून जास्त नावं झालीत. हा आकडा म्हणजे एकूण वाचवणारे नव्हेत, ज्यांचा पुरावा जुळला तेवढे. प्रत्येक नावामागे फाईल आहे, साक्षी, पत्रं, शेजाऱ्यांचे जबाब, आणि यातलं बहुतेक सगळं घटनेनंतर वीस, तीस, पन्नास वर्षांनी आठवणीतून लिहिलेलं. अशा फायली वाचताना तारखा मागेपुढे होतात हे धरूनच चालावं लागतं, तेवढ्यावरून अख्खी साक्ष खोटी ठरवणं चूक आणि पडताळणी न करणंही चूक.

काही वेळा तर वाचवणं म्हणजे दप्तर नष्ट करणं होतं. नेदरलँड्समध्ये नागरिकांची नोंदणी इतकी चोख होती की खोटं ओळखपत्र केलं तरी ऑफिसातल्या मूळ कार्डाशी ताडून पाहिलं की माणूस सापडायचा. तिथल्या १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाच्या वर मारले गेले, पश्चिम युरोपात एवढं प्रमाण दुसरीकडे नाही, आणि त्याच्या कारणांत या चोख नोंदणीचाही वाटा आहे. तर २७ मार्च १९४३ च्या रात्री ॲमस्टरडॅममध्ये काही कलाकार आणि विद्यार्थी पोलिसांच्या वेषात नोंदणी कार्यालयात घुसले, पहारेकऱ्यांना इंजेक्शन देऊन झोपवलं, कार्डं बाहेर ओढून जमिनीवर पसरली आणि आग लावली. फायर ब्रिगेडवाले मुद्दाम सावकाश आले आणि मग पाणी मात्र गरजेपेक्षा भरपूर मारलं म्हणजे उरलेली कार्डंही भिजून जावीत. १५ टक्क्यांच्या आसपास कार्डं गेली. चित्रकार विलेम आरोंडेउस आणि आणखी ११ जणांना १ जुलैला गोळ्या घातल्या. संग्रहांबद्दल एवढं लिहिताना मला ही गोष्ट सांगावीच लागते, कारण त्या काळी एक कार्ड जळणं म्हणजे एक माणूस दडून राहू शकणं होतं.

उलट जिथे सुटकाच कागदाने झाली तिथे मात्र पुरावा उरला. स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात पोलिश वकिलातीतले अधिकारी आणि काही ज्यू कार्यकर्ते मिळून पराग्वेसारख्या देशांचे पासपोर्ट तयार करायचे. खटपट अशी की दुसऱ्या देशाचा नागरिक असल्याचा कागद हातात असला तर जर्मन त्याला कधी कधी मृत्यूछावणीऐवजी कैद्यांच्या अदलाबदलीसाठी वेगळ्या छावणीत ठेवायचे. घेट्टोंमधून फोटो आणि जन्मतारखा लपवून बर्नला यायच्या, कॉन्सुल कॉन्स्टांटी रोकित्स्की स्वतःच्या हाताने पासपोर्ट भरायचा, पराग्वेच्या मानद कॉन्सुलला पैसे द्यायचे, तो सही-शिक्का करायचा. सगळे वाचले नाहीत, कित्येकांचे पासपोर्ट नाकारून त्यांना ऑश्वित्झला पाठवलं. या गटातला झुरिकचा व्यापारी खाइम आइस याच्या घराण्यात ती पत्रं, याद्या, फोटो पडून होते, पोलंडने २०१८ मध्ये तो संग्रह मिळवला आणि आता तो ऑश्वित्झच्या संग्रहालयात आहे. त्यात अशा लोकांचे फोटो आहेत जे पासपोर्टसाठी काढले, आणि पासपोर्ट हातात पडायच्या आधीच ते लोक संपले.

एकाच शहराच्या दोन याद्या शेजारी ठेवून बघाव्यात असं मी नेहमी सांगतो. शहर कौनास, लिथुआनिया. १९४० च्या उन्हाळ्यात तिथला जपानी उप-वाणिज्यदूत चिउने सुगिहारा याने वरून नकार असतानाही जपानमार्गे जायचे व्हिसा दिले, आणि डच वाणिज्यदूत यान झ्वार्टेन्डाइक याने डच ताब्यातल्या कुरासाओ बेटावर जायला व्हिसा लागत नाही असं लिहून दिलं होतं, त्या दोन कागदांच्या जोरावर माणसं रशिया ओलांडून निसटली. सुगिहाराची टाईप केलेली यादी टोकियोच्या परराष्ट्र खात्याच्या अभिलेखागारात आहे, अनुक्रमांक, राष्ट्रीयत्व, नाव, तारीख, फी, अशा २१०० हून जास्त ओळी, आणि एका ओळीवर कधी कधी अख्खं कुटुंब गेलेलं. दुसरी यादी तिथलाच एसएस अधिकारी कार्ल येगर याची, त्याच्या पथकाने मारलेल्यांची, १ डिसेंबर १९४१ ची. तारीख, ठिकाण, पुरुष, बायका, मुलं, एकूण, शेवटची बेरीज १,३७,३४६. कौनासची २९ ऑक्टोबरची ओळ आहे, पुरुष २,००७, बायका २,९२०, मुलं ४,२७३. दोन्ही याद्यांमध्ये जेमतेम दीड वर्षाचं अंतर. पहिल्या यादीत नावं आहेत आणि दुसरीत एकही नाही.

ती नसलेली नावं गोळा करायचं काम अजून चालू आहे. याद वाशेम नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून एकेका मृत माणसासाठी एक पान भरून घेते, नाव, आईवडील, गाव, व्यवसाय, कुठे गेला. अशी २७ लाखांहून जास्त पानं जमलीत आणि बाकीच्या स्रोतांसकट नावांची यादी आता ५० लाखांच्या आसपास आहे.

बाड आरोल्सनचा संग्रह वेगळ्या कामासाठी उभा राहिला, युद्धानंतर हरवलेली माणसं शोधायला. ३ कोटी कागद, दीडेक कोटीहून जास्त लोकांचा उल्लेख. छावण्यांची कार्डं, मजुरांच्या नोंदी, निर्वासितांचे फॉर्म, कैद्यांकडून काढून घेतलेली घड्याळं, अंगठ्या, फोटोसुद्धा, ते आता शोधून शोधून घरच्यांना परत करतात. अडचण नावांची. एकच आडनाव पोलिश कारकुनाने एक लिहिलं, जर्मनाने दुसरं, फ्रेंचाने तिसरं, आपल्याकडे रेशनकार्डावर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं असलं की जो घोळ होतो तोच, फक्त इथे कोट्यवधी कार्डांमध्ये. म्हणून त्यांनी कार्डं स्पेलिंगने न लावता उच्चाराने लावली. अभ्यासकांना हा संग्रह २००७ पर्यंत बंद होता, याबद्दल खूप ओरड झाली आणि ती बरोबरच होती, वाट बघता बघता कित्येक म्हातारी माणसं गेली.

आपल्याकडचा धागा छोटा आहे पण खरा आहे. मुंबईत १९३४ मध्ये ज्यू रिलीफ असोसिएशन उभी राहिली, आलेला निर्वासित सरकारवर बोजा होणार नाही अशी हमी ती द्यायची, त्याशिवाय व्हिसा मिळणं अवघड होतं. संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये मुंबईला आला आणि पुढे आकाशवाणीत होता, सकाळची ती ओळखीची धून त्याच्या नावावर सांगतात. चित्रकार वॉल्टर लांगहामर बायको ज्यू म्हणून व्हिएन्ना सोडून इथे आला. आणि युद्ध सुरू झाल्यावर यातल्या काहींना ब्रिटिशांनी 'शत्रूराष्ट्राचे नागरिक' म्हणून स्थानबद्ध केलं, पुरंदर किल्ल्यावर अशी छावणी होती. याच्या फायली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, मराठीत त्यावर फार थोडं काम झालंय, इतिहासाच्या पोरांनी हात घालावा. एक सांगतो, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीची यात गल्लत होते. तिथले बहुतेक लोक सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले कॅथलिक पोलिश होते, त्यांचं दुःख मोठंच, पण तो इतिहास वेगळा.

बघायचं असेल तर घरबसल्या बघता येतं. याद वाशेमची नावांची यादी आणि आरोल्सनचा बराचसा संग्रह फुकट ऑनलाइन आहे, शोधताना आडनाव चार-पाच प्रकारे टाकून बघा, गावाचं नावही जुनं-नवं दोन्ही, कारण सीमा बदलल्या तशी गावांची नावं बदलली. आरोल्सनचा एक प्रकल्प आहे ज्यात कुणीही घरी बसून स्कॅन केलेल्या कार्डावरचं नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक टाईप करू शकतं, एकच कार्ड वेगवेगळ्या माणसांना दिलं जातं आणि सगळ्यांचं जुळलं की नोंद पक्की होते, जर्मन यायची गरज नाही, जुनं हस्ताक्षर लावायला थोडा वेळ जातो इतकंच, आणि सुरुवातीला टाईप केलेली कार्डं निवडली तर तोही त्रास नाही.